जॅक कर्बी, त्याचे टीकाकार आणि त्याची बाजू घेणारे वाचक

१९७६ सालचा अमेरिकन कॉमिक्सवाचक आधी गोष्ट वाचायचा आणि मग मागचं पत्रांचं पान. त्या वर्षी 'कॅप्टन अमेरिका'च्या या पानावर जे छापून येत होतं, ते वाचताना आजही वाईट वाटतं. जो सायमनच्या जोडीने १९४०च्या अखेरीस ज्याने हे पात्र जन्माला घातलं, त्या जॅक कर्बीलाच वाचक सांगत होते की तुम्हाला हा नायक कळलेला नाही. संवाद बाळबोध आहेत, आधीच्या लेखकांनी रचलेलं सगळं तुम्ही बाजूला सारलंत, चित्रं काढा पण लिहायला दुसरा कुणीतरी घ्या. त्याच पानावर उलट सूर लावणारी पत्रंही असत: या माणसाला मोकळं सोडा, त्याला जे करायचंय ते करू द्या.

कर्बीच्या चाहत्यांनी टीकेला दिलेल्या उत्तरांचा इतिहास इथे तपशिलात सांगतो आहे, कारण तो एका चित्रकारापुरता राहिला नाही. चित्र चांगलं की वाईट यावरून सुरू झालेला वाद पुढे वेगळ्याच प्रश्नांवर गेला. हे पान कोणत्या परिस्थितीत काढलं गेलं, त्यात किती हात फिरले, आणि त्या कागदाचा मालक कोण?

टीका कर्बीला नवी नव्हती. १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या गरीब ज्यू वस्तीत जेकब कुर्ट्झबर्ग या नावाने जन्मलेल्या या माणसाने उमेदीची वर्षं अशा धंद्यात काढली, ज्याला सभ्य समाज कचरा समजायचा. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं मांडणारं पुस्तक आलं, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच 'कॉमिक्स कोड'ची बंधनं घालून घेतली. ईसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने तेव्हा आपल्या वाचकांना थेट उपसमितीला पत्रं लिहायचं आवाहन केलं होतं. आवडत्या कॉमिकवर टीका झाली की वाचकाने लेखणी उचलायची, या सवयीची एक सुरुवात तिथे दिसते. सायमन आणि कर्बीने नेमकी त्याच वर्षी स्वतःची 'मेनलाइन' ही प्रकाशनसंस्था काढली होती. ती या वादळात टिकली नाही.

संघटित चाहतावर्ग मात्र साठच्या दशकात उभा राहिला. डीसी या प्रकाशनसंस्थेचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पत्रांखाली वाचकांचे पूर्ण पत्ते छापू लागले आणि दूरदूरच्या गावांत एकेकटे बसलेले वाचक एकमेकांना थेट लिहू लागले. जेरी बेल्स यांनी १९६१मध्ये 'ऑल्टर-ईगो' हे हाताने तयार केलेलं नियतकालिक सुरू केलं. अशा फॅनझिन्समधून, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या नियतकालिकांतून, परीक्षणं येऊ लागली, चित्रकारांची तुलना होऊ लागली. त्याच वर्षी 'फॅन्टॅस्टिक फोर'चा पहिला अंक आला आणि पुढची नऊ वर्षं, सलग १०२ अंक, कर्बीने काढले. ते छापणाऱ्या मार्व्हलचे संपादक आणि लेखक स्टॅन ली पत्रांना खेळकर, मित्रासारखी उत्तरं द्यायचे. मार्व्हलचा वाचक हा घरचा माणूस झाला.

या जिव्हाळ्याला एक दुसरी बाजू होती. लोकांना आवाज ऐकू यायचा तो फक्त लींचा. मार्व्हलमध्ये बऱ्याचदा थोडक्या चर्चेवरून कर्बी अख्खी गोष्ट चित्रांत रचायचा आणि ली नंतर संवाद भरायचे, पण श्रेयाच्या ओळीत लेखक म्हणून एकटे लीच. ९ जानेवारी १९६६ रोजी 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये मार्व्हलवर मोठा लेख आला. त्यात ली तेजस्वी, बोलघेवडे, कल्पनांचा झराच. आणि कर्बी कसा? भुयारी रेल्वेत शेजारी उभा राहिला तर बायकांचे कमरपट्टे शिवणाऱ्या कारखान्यातला दुय्यम मुकादम वाटेल असा. कर्बी आणि त्याची पत्नी रॉझ यांना हा लेख फार लागला. पुढे चाहत्यांच्या लिखाणात त्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. माझ्या मते ते रास्त आहे. या लेखात कर्बीच्या चित्रांबद्दल वाईट काही नव्हतंच. माणसालाच कमी लेखलं होतं.

१९७० साली कर्बी मार्व्हल सोडून डीसीकडे गेला. तिथे त्याने 'न्यू गॉड्स', 'फॉरएव्हर पीपल' आणि 'मिस्टर मिरॅकल' ही एकमेकांत गुंतलेली महाकथा एकट्याने लिहिली आणि रेखाटली. टीकेचे जे मुद्दे पुढे कायमचे त्याच्या मागे लागले, ते इथेच जन्मले. पहिला संवादांचा. कर्बीची पात्रं दैनंदिन भाषेत बोलत नाहीत. शब्दांना अवतरणचिन्हं, वाक्यांना उद्गारचिन्हं, सगळं टिपेच्या सुरात. लींच्या चुरचुरीत, विनोदी बोलीला सरावलेल्या कानांना हे खटकलं. चाहत्यांनी पुढे मांडलेलं उत्तर मला पटतं: ऐतिहासिक नाटकातल्या पल्लेदार स्वगताला कुणी 'माणसं असं बोलत नाहीत' असा दोष देत नाही, तसंच हे लेखन त्याच्या स्वतःच्या पट्टीत वाचायला हवं. या महाकथेतल्या डार्कसाइड या खलनायकासारखं पात्र चहापाण्याच्या भाषेत बोलूच शकत नाही.

दुसरा मुद्दा शरीररचनेचा. तेव्हा नील अॅडम्स या चित्रकाराच्या वास्तवदर्शी शैलीचा दबदबा होता. त्यापुढे कर्बीची चौकोनी बोटं, ठोकळ्यासारखे गुडघे आणि अंगावर धावून येणारे तळवे जुनाट वाटू लागले. खुद्द डीसीलाही त्याचा सुपरमॅन चालला नाही. 'जिमी ऑल्सन' या डीसीच्याच मालिकेच्या अंकांत कर्बीने काढलेले सुपरमॅनचे चेहरे अल प्लास्टिनो आणि मर्फी अँडरसन यांच्याकडून पुन्हा काढून घेतले गेले. वाचकासमोरच्या पानावर एकाच माणसाचं धड एका हाताचं आणि तोंड दुसऱ्या हाताचं! अशा पानावरून कर्बीची परीक्षा करायची कशी?

इथे चाहत्यांच्या बचावाने पहिलं महत्त्वाचं वळण घेतलं. छापलेलं पान म्हणजे कर्बीचं पान नव्हे, हे त्यांनी दाखवायला सुरुवात केली. कॉमिक्समध्ये पेन्सिलवर शाई चढवणारा कलाकार वेगळा असतो. व्हिन्स कोलेटा हे काम झपाट्याने करायचे आणि वेळ वाचवण्यासाठी कधी मागची इमारत, कधी गर्दीतली माणसं सरळ खोडून टाकायचे. कर्बीचे तरुण मदतनीस मार्क इव्हेनिअर आणि स्टीव्ह शर्मन, दोघेही मुळात चाहतेच, यांनी याबद्दल आवाज उठवला. १९७१च्या अखेरीपासून शाईचं काम माईक रॉयरकडे आलं, आणि त्याने कर्बीची रेघ न् रेघ राखली. कोलेटाची मऊ, बारीक रेषा कर्बीच्या मार्व्हलमधल्या 'थॉर'ला शोभायची असं मानणारे चाहतेही आहेत, आणि तो वाद अजून संपलेला नाही. पण चित्रावर मत देण्याआधी ते कुणाच्या हाताखालून गेलं हे पाहायची शिस्त या भांडणातून आली. 'न्यू गॉड्स' आणि 'फॉरएव्हर पीपल' १९७२मध्ये अकराव्या अंकावरच बंद पडले, कथा अर्धी टाकून.

मार्च १९७५मध्ये न्यूयॉर्कच्या मार्व्हल संमेलनात स्टॅन लींनी कर्बी परत येत असल्याचं जाहीर केलं. चाहत्यांना वाटलं, जुने दिवस आले. कर्बीला जुने दिवस नको होते. लिहायचं, काढायचं आणि संपादनही स्वतःच करायचं, या बोलीवर तो आला होता. खरी ठिणगी इथे पडली.

मधल्या काळात 'कॅप्टन अमेरिका' बदललं होतं. स्टीव्ह एंगलहार्ट यांनी १९७४मध्ये वॉटरगेटच्या सावलीत नायकाचा देशावरचा विश्वास उडताना दाखवला होता, त्याने आपला पोशाख आणि नावही काही काळ टाकून दिलं होतं. कर्बीने हे धागे पुढे नेलेच नाहीत. १९३व्या अंकापासून त्याने लोकांना वेडं करणाऱ्या बॉम्बची नवी, वेगवान गोष्ट सुरू केली. 'ब्लॅक पँथर'चं तर जास्तच दुखलं. डॉन मॅकग्रेगर यांनी 'जंगल अॅक्शन'मध्ये या कृष्णवर्णीय नायकाला वकांडा या त्याच्या आफ्रिकी राज्याचं राजकारण, कुटुंब, मग कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वंशद्वेषी संघटनेशी सामना अशी खोली दिली होती. ती मालिका १९७६मध्ये मध्येच थांबली आणि १९७७च्या सुरुवातीला कर्बीचा पँथर आला तो सॉलोमन राजाच्या पितळी बेडकाच्या मागे धावत. वाचक चिडले. या टीकेत तथ्य होतं, आणि कर्बीवर माझं प्रेम असूनही ते मान्य केलं पाहिजे. कृष्णवर्णीय वाचकाला कॉमिक्समध्ये क्वचित मिळणारी गंभीर कथा अर्ध्यात तोडली गेली होती. बेडूक कितीही देखणा असला तरी ती जागा भरून निघत नव्हती. पण ती मालिका थांबवण्याचा राग कर्बीवर काढणं हा नेम चुकलेला होता.

'द इटर्नल्स' या कर्बीच्या नव्या मालिकेच्या पत्रांच्या पानांवर वेगळीच खडाजंगी होती. अवकाशातून आलेले अतिप्रचंड देव आणि त्यांनी घडवलेल्या मानवजाती ही कल्पना मार्व्हलच्या इतर विश्वात बसते का? थॉर खरा देव असेल तर मग हे कोण? कर्बीला आपली कथा स्वतंत्र हवी होती. तडजोड म्हणून १४ ते १६ या अंकांत हल्क आला, पण यंत्रमानवाच्या रूपात. अनेक चाहत्यांनी तेव्हाच लिहिलं होतं की ही कथा वेगळीच राहू द्या. त्यांचं कुणी ऐकलं नाही. १९व्या अंकावर मालिका थांबली.

आता पत्रांच्या पानाकडे परत जायला हवं. कर्बी संपादक असला तरी तो कॅलिफोर्नियात होता आणि पत्रं निवडली जायची न्यूयॉर्कच्या कार्यालयात. तिथे काही तरुण कर्मचारी त्याला पाठीमागे 'जॅक द हॅक', म्हणजे पाट्या टाकणारा, म्हणत. कर्बीच्या जवळच्या मंडळींनी पुढे सांगितलं की पानं मुद्दाम वाईट पत्रांनी भरली जात होती. निवड किती जाणीवपूर्वक होती याबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण ज्या कलाकाराची मासिकं विकायची आहेत त्याच्याच अंकात महिन्यामागून महिने इतकी कठोर पत्रं छापणं ही साधी गोष्ट नव्हती, हे चाहत्यांनी बरोबर हेरलं. परीक्षण कोण लिहितो याइतकंच ते कोण निवडतो हेही पाहावं लागतं. कर्बीने १९७८मध्ये मार्व्हल सोडलं आणि तो अॅनिमेशनमध्ये गेला. तिथे त्याला पैसा आणि मान दोन्ही जास्त मिळाले.

पुढचं वळण ज्या ठिकाणाहून आलं, ते कुणाला अपेक्षित नव्हतं. गॅरी ग्रोथ यांचं 'द कॉमिक्स जर्नल' हे १९७६पासून मुख्य धारेतल्या कॉमिक्सवर सर्वांत निष्ठुर परीक्षणं छापणारं मासिक. सुपरहिरोंबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. पण ऐंशीच्या दशकात मार्व्हल चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत देऊ लागलं, तेव्हा इतरांसाठी छोटा करारनामा आणि कर्बीसाठी मात्र चार पानी, जाचक अटींचा, असा प्रकार उघड झाला. दहा हजारांहून अधिक पानं काढलेल्या माणसाला सुरुवातीला देऊ केली होती ८८. 'जर्नल'ने ही लढाई अंगावर घेतली. शंभरावर व्यावसायिक कलाकारांनी निवेदनावर सह्या केल्या, फ्रँक मिलर आणि अॅलन मूर यांच्यासारखे त्या वेळचे आघाडीचे लेखक जाहीरपणे बोलले, आणि वाचकांनी मार्व्हलला पत्रं लिहिली. दहा वर्षांपूर्वी चौकोनी बोटांवरून भांडणारे दोन्ही पक्ष आता एका बाजूला होते. १९८७मध्ये सुमारे दोन हजार पानं परत मिळाली.

६ फेब्रुवारी १९९४ रोजी कर्बी गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉन मॉरो या चाहत्याने 'द जॅक कर्बी कलेक्टर' हे घरगुती नियतकालिक सुरू केलं. टीकेला दिलेलं सर्वांत भक्कम उत्तर मी यालाच म्हणेन. कर्बी सत्तरच्या दशकात शाई चढण्यापूर्वी आपल्या पेन्सिलच्या पानांच्या छायाप्रती काढून ठेवायचा. मॉरोंनी त्या छापल्या. चौकटी कशा रचल्या, समासात कर्बीने काय टिपलं, शाईत काय हरवलं, हे वाचकाने स्वतः पाहावं. या पायावर नंतर विद्यापीठीय अभ्यासही उभा राहिला. चार्ल्स हॅटफिल्ड यांचं कर्बीवरचं पुस्तक २०११मध्ये आलं.

याच गोटात अतिरेकही झाला. स्टॅन लींनी काहीच केलं नाही, असं ठासून सांगणारे चाहते आहेत. १९६६च्या त्या लेखाने एकाला पुसलं म्हणून आपण दुसऱ्याला पुसायचं, हे मला मान्य नाही. साठच्या दशकातल्या 'फॅन्टॅस्टिक फोर'मधली ऊब आणि विनोद लींच्या शब्दांतूनही येतो. पण २०२३मध्ये लींवरचा माहितीपट आला, तेव्हा कर्बीचा मुलगा नील याने जाहीर निवेदन काढून श्रेयाचा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. साठ वर्षांनंतरही ते करावं लागावं, यातच चाहत्यांच्या रागाचं कारण आहे.

कायदेशीर बाजू तोवर मिटली होती. २००९मध्ये कर्बीच्या वारसांनी त्याच्या मार्व्हलमधल्या निर्मितीचे हक्क परत मागणाऱ्या नोटिसा पाठवल्या. २०११ आणि २०१३ या दोन्ही निकालांत ते हरले. सर्वोच्च न्यायालय प्रकरण हाती घ्यायचं का हे ठरवण्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०१४मध्ये, मार्व्हलने तडजोड केली. 

२०२१मध्ये 'इटर्नल्स' पडद्यावर आला. कर्बीच्या ११व्या अंकात सामुराईपटांचा जपानी नट असलेला किंगो इथे मुंबईतला बॉलिवूडचा नायक झाला होता. समीक्षकांनी चित्रपटाचं स्वागत थंडपणे केलं. मूळ मालिका मात्र एकाच माणसाने लिहिली, रेखाटली आणि संपादित केली होती, म्हणून 'आधारित' या ओळीपुढे एकच नाव आलं: जॅक कर्बी.