क्यूजीआयएस : लिनक्सवरील स्थापना

लिनक्स संगणकावर क्यूजीआयएस ही मुक्तस्रोत नकाशा-प्रणाली बसविण्याची प्रक्रिया. अलास्कातील गॅरी शर्मन यांना लिनक्सवर चालणारा, वेगवान आणि नाना प्रकारचे माहितीसाठे वाचणारा नकाशादर्शक हवा होता. त्यातून ही प्रणाली जन्मली. तिचा आरंभ केव्हाचा धरावा, हे ‘आरंभ’ कशाला म्हणायचे त्यावर अवलंबून आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये कल्पना सुचली, मे महिन्यात प्रोग्रामचे लेखन सुरू झाले, जूनमध्ये सोर्सफोर्ज या मुक्तस्रोत प्रकल्पांच्या संकेतस्थळावर प्रकल्प नोंदला गेला, ६ जुलैला पहिली संहिता (कोड) तेथे जमा झाली आणि १९ जुलैला पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातले फारसे काही चालत नव्हते. दिसत ते फक्त पोस्टजीआयएस या नकाशा-माहितीसाठ्यातील स्तर. प्रकल्पाच्या स्वतःच्या इतिहासात मे महिना जन्माचा मानला आहे. तथापि बसवता येईल असे काही लोकांच्या हाती पडले ते जुलैत, म्हणून प्रस्तुत विषयापुरती तीच तारीख अधिक सयुक्तिक वाटते. ‘क्वांटम जीआयएस’ हे मूळ नाव २०१३ मधील २.० आवृत्तीपासून आखूड झाले.

डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या स्वतःच्या भांडारातून (तयार प्रोग्रामांच्या ऑनलाइन साठ्यातून) टर्मिनलमधील एका आज्ञेने ती बसते, पण आवृत्ती बहुधा जुनी असते. नवी हवी असल्यास प्रकल्पाची स्वाक्षरी-किल्ली (पॅकेज म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा अस्सल असल्याची खात्री पटवणारी फाइल) उतरवून, त्यांच्या भांडाराचा पत्ता स्रोतांच्या यादीत घालून, यादी ताजी करून मग पॅकेज बसवावे. रोजच्या कामाला दीर्घकाल आधार असलेली ‘एलटीआर’ आवृत्ती बरी. ही प्रथा २०१५ च्या २.८ पासूनची. अडते ते बहुतेक वेळा जीडॅलपाशी, म्हणजे नाना प्रकारच्या नकाशा-फाइली वाचणाऱ्या सहायक प्रोग्रामपाशी. क्यूजीआयएस ज्या जीडॅलवर बांधलेले असते त्याहून वेगळे जीडॅल दुसऱ्या भांडारातून आले, की पॅकेजे एकमेकांना अडवतात. म्हणून भांडारे मिसळू नयेत. फ्लॅटपॅक या प्रोग्राम बसविण्याच्या वेगळ्या पद्धतीत लागणारे सहायक प्रोग्राम (लायब्ररी) सोबतच येत असल्याने हा पेच टळतो.

मराठी नकाशासाठी लोहित किंवा नोटो देवनागरी टंक (फॉन्ट) बसवून घ्यावा. टंक नसेल तर गावांच्या नावांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. शेपफाइल या नकाशा-माहितीच्या जुन्या फाइल-प्रकारात रकान्याच्या नावाला १० बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. त्यामुळे ‘गाव’ मावते, ‘तालुका’ मावत नाही. जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकाराला ही मर्यादा नाही.