टावर दिसतो, पण रेंज येत नाही

"टावर त दिसून राह्यला, मंग रेंज काऊन नाई?" हा प्रश्न मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत कुठंही ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. टावर किती लांब आहे, हे त्याचं अर्धंच उत्तर.

मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की लहरींची ताकद पाव उरते. एवढी घट फोन पचवतो. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात. उणे १०० म्हणजे एका वॉटचा दहा लाख कोटीवा हिस्सा, आणि तेवढ्यावरही बोलणं होतं! आकडा १० नं खाली गेला की ताकद दहा पटींनी घटते. म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांत हजार पटींचा फरक.

खरा घात वाटेत होतो. गाविलगडच्या डोंगरांत खोलगट जागी वसलेला ढाणा, म्हणजे छोटी वस्ती, टावरपासून डोंगराआड जातो. लहरी डोंगरमाथ्यावरून थोड्या वळतात, पण सगळ्या सारख्या नाहीत. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारितेची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर लांब, ती बरी वळते. ३५०० ची जेमतेम साडेआठ, ती अडते. म्हणून अशा गावांना आधी कमी वारंवारितेचा टावर मिळायला हवा, वेगाच्या जाहिराती नंतर.

पावसाळ्यात रेंज गेली की दोष पावसाला दिला जातो. या लहरींना पावसाच्या थेंबांनी फारसं काही होत नाही. लहरी शोषतात ती सागाची पाण्यानं भरलेली रुंद पानं. उन्हाळ्यात साग उघडा पडला की तीच वाट मोकळी होते.

घरावरचे टिनपत्रे तर लहरी सरळ परतवतात. आत पोचतात त्या दार-खिडकीतून, भिंतींवर आपटून. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात, काही ठिकाणी जोर देतात. त्यामुळे फोन वीतभर सरकवला तरी फरक पडतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. फोनवरच्या काड्या फक्त टावरकडून काय येतं ते दाखवतात. टावर कित्येक वॉटनं बोलतो, फोन मात्र जास्तीत जास्त पाव वॉटच्या आसपास. काड्या दिसूनही "आवाज येत नाही" असं पलीकडून ऐकू येतं, त्यामागं बरेचदा हेच असतं. लांबच्या टावरपर्यंत पोचायला फोन पूर्ण जोर लावतो, म्हणून बॅटरीही लवकर उतरते.

एकच काडी असेल तर टिनाबाहेर, टावरच्या बाजूला येऊन मेसेज पाठवून पाहावा. कॉलला सिग्नल सलग लागतो. मेसेज क्षणभराच्या सिग्नलवरही निघून जातो.