विहिरीतली बाई अमेरिकेला गेली तेव्हा

रिए इनो ही काबुकी नाट्यशैलीत शिकलेली नटी. ‘रिंगु’ या जपानी भयपटाच्या चित्रीकरणात दिग्दर्शक हिदेओ नाकाताने तिला उलटं चालायला लावलं. पाय मागे टाकत, खांदे उडवत ती कॅमेऱ्यापासून लांब गेली आणि नंतर ती फीत उलटी फिरवली. म्हणून पडद्यावर सादाको, म्हणजे त्या चित्रपटातली भूत झालेली बाई, पुढे येताना दिसते, पण तिचं पाऊल कुठेतरी चुकतं. काय चुकतंय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, अंगावर काटा मात्र येतो. ती विहिरीतून निघते, टीव्हीच्या काचेपर्यंत येते आणि काचेतून दिवाणखान्यात उतरते. बोटांना नखं नाहीत. केसांआडून शेवटी दिसतो तो एकच डोळा, आणि तो तर चित्रीकरणाच्या चमूतल्या एका पुरुषाचा आहे.

हे १९९८ सालचं. चार वर्षांनी अमेरिकेत गोर व्हर्बिन्स्कीने ‘द रिंग’ केला. त्यात हीच बाई टीव्हीतून आली, पण बाई राहिली नव्हती. ती लहान मुलगी झाली होती. टीव्हीचं प्रक्षेपण बिघडल्यावर चित्र थरथरतं तशी ती थरथरत होती, आणि तिचा कुजलेला चेहरा कॅमेऱ्याने अगदी जवळून दाखवला. ‘मूळ भारी की रिमेक भारी’ या वादात मला फारसा रस नाही. पण बाईची मुलगी का झाली, आणि झाकलेला चेहरा उघडा का करावा लागला, याचा माग काढला तर गोष्ट हजार-अकराशे वर्षं मागे जाते.

सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला विद्वान, कवी आणि क्योतोच्या दरबारातला मोठा मंत्री. फुजिवारा घराण्याच्या लोकांनी राजाचे कान भरले आणि ९०१ मध्ये त्याची रवानगी दूर क्युशू बेटावरच्या दाझाइफूला झाली. दोन वर्षांनी तो तिथेच गेला. नंतर राजधानीत एकामागून एक माणसं मरू लागली आणि ९३० मध्ये तर खुद्द राजवाड्यावर वीज कोसळली. दरबाराने काय केलं? भुताला पळवून लावायला मांत्रिक शोधत बसण्यापेक्षा त्याची पदवी परत दिली, आणि ९४७ मध्ये त्याच्यासाठी क्योतोत कितानो तेन्मांगू हे देऊळ उभं राहिलं. आज जपानी मुलं परीक्षेच्या आधी तिथे नवस बोलायला जातात. मिचिझाने आता विद्येचा देव आहे.

अन्याय होऊन मेलेल्याच्या अशा सूडाने पेटलेल्या आत्म्याला जपानी भाषेत ‘ओन्र्यो’ म्हणतात. त्याचं म्हणणं ऐकायचं, मान द्यायचा, जागा द्यायची. थोडक्यात, त्याला शांत करायचं. ज्यांच्या घरात कुणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून आलं आहे, त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

मिचिझानेसारख्या ओन्र्योंच्या मागे दरबारातलं राजकारण होतं. एदो काळात, म्हणजे तोक्योचं नाव एदो होतं तेव्हा, रंगभूमीवर ही जागा बायकांनी घेतली. १८२५ च्या उन्हाळ्यात नाकामुरा-झा या नाट्यगृहात चौथ्या त्सुरुया नांबोकूचं ‘योत्सुया काइदान’ आलं. (जपानमध्ये भुताची नाटकं उन्हाळ्यात लागतात. तेव्हा पितरांचा ओबोनचा सणही असतो, आणि घाबरून अंगावर शहारा आला की उकाडा कमी होतो असं गमतीने म्हणतात.) त्यातली ओइवा ही एका बेकार सामुराईची बायको. नवऱ्यावर शेजारच्या श्रीमंत घरातल्या मुलीचं मन बसलेलं. त्या घरातून ओइवाला औषध म्हणून विष येतं आणि तिचा चेहरा सडतो. मग ती आरशासमोर बसून केस विंचरते आणि केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येतात. काबुकीत या प्रसंगाला रंगमंचाखाली एक माणूस बसवतात आणि तो फळीतल्या भोकातून केस वर ढकलत राहतो. विंचरणं चालूच, ढीग वाढतोच. एका डोक्यावर इतके केस असूच शकत नाहीत हे प्रेक्षकाला कळतं, आणि तिथेच तो घाबरतो.

‘रिंगु’मध्ये एक शापित व्हिडिओ टेप आहे, ती पाहणारा मरतो. त्या टेपमध्ये गोल आरशासमोर केस विंचरणारी बाई दिसते, त्या चित्राला एवढा मोठा इतिहास आहे. आणि विहीर? ती ओकिकूची. ओकिकू ही मोलकरीण. मालकाच्या दहा मौल्यवान ताटल्यांपैकी एक हरवल्याचा आळ तिच्यावर येतो आणि तिचा जीव जातो. रोज रात्री ती विहिरीतून येऊन ताटल्या मोजते. नवापर्यंत येते आणि किंकाळी फोडते. एका कथेत शेजारचा कुणीतरी नवानंतर पटकन ‘दहा’ म्हणतो आणि ती कायमची शांत होते. हिमेजीच्या किल्ल्यात आजही तिच्या नावाची विहीर दाखवतात.

कादंबरीकार कोजी सुझुकीने १९९१ च्या ‘रिंग’मध्ये या सगळ्याला एक आधुनिक धागा जोडला. १९१० च्या सुमाराला तोक्योच्या शाही विद्यापीठात तोमोकिची फुकुराई नावाचे मानसशास्त्रज्ञ अतींद्रिय दृष्टीवर प्रयोग करत होते. मनातली प्रतिमा फोटोच्या काचेवर उमटवता येते असा त्यांचा दावा होता. मिफुने चिझुको या तरुणीला त्यांनी विद्वानांसमोर आणि पत्रकारांसमोर उभं केलं. वर्तमानपत्रांनी तिला लबाड ठरवलं आणि १९११ च्या जानेवारीत तिने विष घेतलं. फुकुराईंना पुढे विद्यापीठ सोडावं लागलं. नंतर त्यांच्या प्रयोगांत आणखी एक बाई होती. तिचं नाव सादाको.

कादंबरीतला नायक पुरुष आहे आणि तिथे टीव्हीतून कुणी बाहेर येत नाही. या दोन्ही गोष्टी बदलल्या त्या पटकथाकार हिरोशी ताकाहाशी आणि नाकाता यांच्या चित्रपटात. पुरुष नायकाच्या जागी घटस्फोटित पत्रकार आई आली, रेइको. तिचा मुलगा योइची. चित्रपटात सादाकोची आई शिझुको पत्रकारांसमोर आपली शक्ती दाखवते, ते ओरडून तिला खोटारडी ठरवतात, आणि ती ओशिमा बेटावरच्या मिहारा ज्वालामुखीत उडी घेते. मिहारा खराखुरा आहे. १९३३ मध्ये तिथे आत्महत्यांची लाटच आली होती. म्हणजे रेइको ज्या शापाच्या मागे लागली आहे, त्याचं मूळ तिच्याच धंद्याच्या पापात आहे. चित्रपट हे कुठे बोलून दाखवत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते डोक्यात राहतं.

या चित्रपटाची दृश्यभाषा मात्र काबुकीतून थेट आलेली नाही. मधे एक गरीब टप्पा आहे. १९८९ पासून जपानमध्ये थेट व्हिडिओ कॅसेटसाठी स्वस्त चित्रपट निघू लागले. त्यातच १९९१ पासून नोरिओ त्सुरुताने ‘खऱ्या घडलेल्या’ भुताच्या गोष्टींच्या छोट्या फिती काढल्या. पैसे नव्हते, म्हणून राक्षसाचा मेकअप नव्हता. भूत मागे कुठेतरी, अंधुक, न हलता उभं असायचं. तुमचं लक्ष जाईपर्यंत ते तिथे असायचंच. ताकाहाशी, कियोशी कुरोसावा, नाकाता या पिढीने हा धडा गिरवला. ताकाशी शिमिझू तर कुरोसावा आणि ताकाहाशी यांचाच चित्रपट-शाळेतला विद्यार्थी. १९९८ मध्ये त्याने टीव्हीसाठी तीन-तीन मिनिटांच्या दोन गोष्टी केल्या. त्यातूनच पुढे ‘जु-ओन’ आला, आधी कॅसेटवर २००० मध्ये आणि मग थिएटरात. त्यातल्या कायाको या भुताच्या घशातून येणारा तो करकर आवाज शिमिझूने स्वतःच्याच घशातून काढला आहे.

जपानी चित्रपट आपल्या मापाने कापून शिवायची सवय अमेरिकेला जुनी. १९५४ चा ‘गोजिरा’ (म्हणजे गॉडझिला) १९५६ मध्ये तिथे पोहोचला तेव्हा त्यात रेमंड बर हा अमेरिकी नट वार्ताहर म्हणून नव्याने घुसवला होता. अणुबाँबची जखम ताजी असताना जपान्यांनी काढलेल्या त्या चित्रपटाला अमेरिकी साक्षीदार लागला! ‘रिंगु’च्या वेळी पद्धत बदलली. रॉय ली या कोरियन वंशाच्या अमेरिकी मध्यस्थाने आशियाई चित्रपटांचे हक्क हॉलीवूडला मिळवून द्यायचा धंदाच उभा केला. त्याने ‘रिंगु’ ड्रीमवर्क्सला दाखवला आणि कंपनीने सुमारे १० लाख डॉलर मोजले. स्टुडिओच्या हिशेबाने ही रक्कम चिल्लर. तिकडे पटकथा विकत घ्यायची तर ती कागदावर असते, चालेल की नाही माहीत नसतं. इथे अख्खा चित्रपट समोर होता आणि एका देशात चाललेलाही होता. ‘द रिंग’वर ४ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाले आणि जगभरातून जवळपास २५ कोटी आले. पुढच्या पाच-सहा वर्षांत रांग का लागली, ते या दोन आकड्यांत आहे.

‘रिंगु’ दीड तासाचा आहे. ‘द रिंग’ सुमारे वीस मिनिटांनी मोठा आहे. ती वीस मिनिटं बहुतांशी स्पष्टीकरणात गेली. फुकुराई, मिफुने, वर्तमानपत्रं, ज्वालामुखी हे सगळं गेलं आणि त्याजागी घोड्यांची पैदास करणारं एक जोडपं आलं, त्यांनी दत्तक घेतलेली समारा आली, मनोरुग्णालयातल्या चित्रफिती आल्या. सादाकोला विहिरीत ढकलणारा बाप आहे, समाराला ढकलणारी आई. सादाकोवर अन्याय झाला, म्हणून ती अशी झाली. समारा आधीपासूनच तशी होती, आणि तिला मारणाऱ्या आईचीच कीव येते. १९७३ च्या ‘द एक्सॉर्सिस्ट’पासून अमेरिकी प्रेक्षकाला झपाटलेलं मूल ओळखीचं आहे. मोकळ्या केसांच्या परित्यक्तेची ओळख त्याला नाही. बाईची मुलगी झाली ती इथे. चेहऱ्याचंही तसंच. रिक बेकरसारखा नावाजलेला मेकअप कलाकार हाताशी असताना चेहरा केसांआड ठेवायचा कोण?

तरी एक गोष्ट रिमेकने अचूक पकडली, आणि ती पकडली म्हणूनच बाकीच्या रिमेकपेक्षा तो वरचा आहे. ‘रिंगु’त रेइको विहिरीच्या तळाशी उतरते, चिखलात हात घालून सादाकोची कवटी वर काढते आणि तिला छातीशी धरते. जपानी प्रेक्षकाच्या लेखी गोष्ट इथे संपायला हवी. कुणीतरी ‘दहा’ म्हटलं, ओकिकू शांत झाली. पण दुसऱ्या दिवशी सादाको टीव्हीतून येते आणि रेइकोच्या आधीच्या नवऱ्याला मारते. मिचिझानेपासून चालत आलेला करार ती मोडते. अमेरिकी प्रेक्षकाला असा करार असतो हेच ठाऊक नव्हतं, मग तो मोडल्याचा धक्का कसा बसणार? व्हर्बिन्स्कीच्या चित्रपटात लहानगा एडन आईला विचारतो, तू तिला मदत केलीस? तू तिला मदत करायची नव्हतीस. पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीचं काम दोन वाक्यांवर आलं, आणि ती दोन वाक्यं ते पेलतात.

‘जु-ओन’चा अमेरिकी रिमेक ‘द ग्रज’, त्याची गंमत निराळी. २००४ मध्ये सॅम रेमीच्या कंपनीने दिग्दर्शक म्हणून खुद्द शिमिझूलाच घेतलं, घर तोक्योतच ठेवलं, कायाको आणि तिचा मुलगा तोशिओ यांच्या भूमिकांत जपानी कलाकार तेच. बदलली ती फक्त मरणारी माणसं. ती आता अमेरिकी होती. मूळ गोष्टीत कायाकोचा जीव जडतो तो कोबायाशी नावाच्या जपानी माणसावर. इथे तो बिल पुलमनने उभा केलेला अमेरिकी प्राध्यापक झाला. भुताने प्रेमसुद्धा आमच्याच माणसावर करायचं! पण परक्या शहरात, न कळणाऱ्या भाषेत, चुकीच्या घरात शिरलेली माणसं या कल्पनेत दम होता. १ कोटी डॉलरमध्ये झालेला चित्रपट १८ कोटींच्या पुढे गेला.

नंतर उतरणच लागली. ‘डार्क वॉटर’ (२००५) वॉल्टर सालेसने मन लावून केला. जेनिफर कॉनेलीने एकट्या आईचं थकलेपण छान दाखवलं, पण लोक घाबरायला आले होते. कुरोसावाच्या ‘काइरो’त (२००१) इंटरनेटमधून येणारी भुतं माणसाला मारतसुद्धा नाहीत. एकटेपणाने माणसं आपोआप विरतात, भिंतीवर काळा डाग राहतो. २००६ च्या ‘पल्स’मध्ये तीच भुतं झडप घालणारी झाली आणि एकटेपणा उरला नाही. २००८ चा ‘वन मिस्ड कॉल’ आला तोवर लांब केसांची ओली मुलगी हा विनोदाचा विषय झाला होता.

‘रिंगु’ आणि ‘द रिंग’ या दोघांचा शेवट एकच आहे. वाचायचं असेल तर टेपची प्रत काढून दुसऱ्या कुणाला दाखवायची. अमेरिकी चित्रपटात रेचल, म्हणजे तिथली रेइको, मुलाचा हात धरून यंत्राचं बटण दाबायला लावते. तो विचारतो, आपण ज्याला दाखवू त्याचं काय होईल? ती उत्तर देत नाही. तो कोण असेल हे तिलाही माहीत नाही, प्रेक्षकालाही नाही. ‘रिंगु’त रेइको गाडी चालवते आहे, शेजारी व्हिडिओ प्लेअर ठेवला आहे, पुढे आभाळ भरून आलं आहे. आपल्याला तिचा फोनवरचा आवाज ऐकू येतो. बाबा, मी घरी येते आहे, तुमच्याकडे एक काम आहे, योइचीसाठी.