वर्षाचा फरक आणि दिवसांचा फरक: जुन्या इंग्रजी तारखा वाचताना

मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा गव्हर्नर जॉन विंथ्रॉप १६३० साली ‘आर्बेला’ जहाजातून अमेरिकेला गेला. त्याची वंशावळ मांडायला बसलं की पहिल्या दोन-तीन नोंदींतच अडखळायला होतं. मेरी फोर्थशी त्याचं लग्न झालं १६ एप्रिल १६०५ रोजी, एसेक्समधल्या ग्रेट स्टॅमब्रिज गावी. थोरला मुलगा, ज्याला इतिहासात ‘धाकटा जॉन विंथ्रॉप’ म्हणतात आणि जो पुढे कनेक्टिकटचा गव्हर्नर झाला, तो त्या काळच्या इंग्रजी हिशेबाने जन्मला १२ फेब्रुवारी १६०५ रोजी. म्हणजे लग्नाच्या दोन महिने आधी?

तसं नाही. मूल लग्नानंतर दहाव्या महिन्यात झालं. त्या वेळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला लागत असे. एप्रिल १६०५ नंतर डिसेंबर १६०५ आला, त्यानंतर जानेवारी १६०५ आणि मग फेब्रुवारी १६०५. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६०६ चा.

मराठी वाचकाला खरं तर हे समजायला सोपं आहे. आपलं शक पाडव्याला बदलतं. शक १५५१ च्या फाल्गुनातली घटना इसवी सनात आणायची तर ७८ मिळवून चालत नाही, ७९ मिळवावे लागतात, कारण मधे जानेवारी येऊन गेलेला असतो. जुन्या इंग्रजी नोंदींत जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे असेच वर्षाच्या शेपटाला येतात.

हा झाला वर्षाचा फरक. दिवसांचा फरक ही निराळीच गोष्ट आहे, आणि लोक नेमकी हिचीच पहिल्याशी गल्लत करतात.

युरोपात तोवर चालत आलेल्या ज्युलियन कालगणनेत दर चार वर्षांनी न चुकता लीप वर्ष येई. सूर्याचं वर्ष त्या हिशेबापेक्षा किंचित लहान, त्यामुळे शतकानुशतकं चूक साठत गेली. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने ती दुरुस्त केली आणि ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. स्पेन, पोर्तुगाल लगेच बदलले. प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचा हिशेब मानला नाही. त्यामुळे सतराव्या शतकभर इंग्रजी तारीख दहा दिवस मागे राहिली. १७०० साल ग्रेगरियन पद्धतीत लीप नव्हतं, ज्युलियनमध्ये होतं, म्हणून त्यानंतर अंतर अकरा दिवसांचं झालं.

हा दहा-अकराचा घोळ मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथमध्ये उत्सवाच्या रूपाने टिकून आहे. इंग्लंडहून आलेल्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावरच्या लोकांची तुकडी प्लिमथला उतरली ती इंग्रजी हिशेबाने ११ डिसेंबर १६२० ला. नव्या हिशेबाने तो दिवस २१ डिसेंबर. पण १७६९ मध्ये तिथल्या ओल्ड कॉलनी क्लबने पूर्वजांचा दिवस साजरा करायला घेतला तेव्हा त्यांनी आपल्या काळातले अकरा दिवस मिळवले, आणि उत्सव २२ तारखेला रूढ झाला. घटना ज्या शतकातली, अंतरही त्याच शतकातलं धरायला हवं होतं.

ब्रिटन आणि त्याच्या वसाहती बदलल्या त्या १७५२ मध्ये. दोन्ही फरक एकाच कायद्याने मिटले म्हणूनच ते एकच आहेत असं वाटतं. वर्षारंभ १ जानेवारीला आला, त्यामुळे १७५१ साल २५ मार्च ते ३१ डिसेंबर एवढंच, २८२ दिवसांचं झालं. मग १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेच्या बुधवारनंतर १४ तारखेचा गुरुवार आला.

वंशावळींत ‘१६०५/०६’ अशी तिरकी रेघ दिसते. ती फक्त वर्षाबद्दल बोलते: जुन्या वर्षारंभाने १६०५, आजच्याने १६०६. दहा दिवसांशी तिचा काही संबंध नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलमध्ये त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/२ असा लिहिला आहे. आज आपण २२ फेब्रुवारी १७३२ म्हणतो. तिथे वर्षही हललं आणि दिवसही, दोन वेगळ्या कारणांनी.

माझं स्पष्ट मत आहे: वसाहतकाळातल्या कुटुंबाचा इतिहास लिहिताना वर्ष दुरुस्त करा, दिवस जसा नोंदीत आहे तसाच ठेवा. वर्ष चुकलं तर मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मतो, किंवा डिसेंबर १६४० मध्ये मृत्युपत्र करणारा माणूस फेब्रुवारी १६४० मध्येच पुरलेला दिसतो आणि संशोधक त्याच नावाचा दुसरा माणूस कल्पून मोकळा होतो. दिवस बदलला तर मात्र फायदा काही नाही, मूळ पानावर ती नोंद परत शोधणं तेवढं अवघड होतं.

आपण स्वतःही हेच करतो. महाराष्ट्र शासनाने मान्य केलेली शिवजयंतीची तारीख १९ फेब्रुवारी १६३०. यातला दिवस ज्युलियन आहे, ग्रेगरियनने तो १ मार्च येतो. वर्ष मात्र जानेवारीपासून मोजलेलं आहे. त्या दिवशी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजाने कागदावर १६२९ लिहिलं असतं. राज्याभिषेकाला रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याची ६ जून १६७४ ही इंग्रजी तारीख आपण आजही वापरतो. त्याच दिवशी गोव्यात पोर्तुगीजांच्या कागदांवर १६ जून होता.

मूळ नोंदवही पाहायला मिळाली तर पानावर वर्षाचा आकडा कुठे बदलतो ते आधी शोधा. चर्चच्या वहीत तो बहुधा मार्चच्या अखेरीस, ओळींच्या मधेच लिहिलेला सापडतो. फेब्रुवारीचा बाप्तिस्मा कोणत्या आकड्याखाली आहे ते बघून मगच वर्ष ठरवा. छापील किंवा टंकलेल्या यादीवर विसंबू नका. यादी करणाऱ्याने वर्ष आधीच सुधारलेलं असेल आणि तुम्ही पुन्हा सुधारलंत, तर एक वर्ष पुढे जाल.

हॉलंडमध्ये राहून आलेल्या घराण्यांत आणखी एक गाठ असते. पुढे प्लिमथचा गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डचं डॉरथी मेशी लग्न ॲम्स्टरडॅममध्ये १० डिसेंबर १६१३ ला झालं. पण हा डच हिशेब, म्हणजे तिथे दहा दिवस आधीच मिळवलेले आहेत. इंग्रजी हिशेबाने ते ३० नोव्हेंबर.

न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेतल्या ईशान्येकडच्या वसाहतींच्या) प्युरिटनांना, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांना, रोमन देवतांवरून पडलेली महिन्यांची नावं नकोशी वाटत, म्हणून ते महिने आकड्यांनी लिहीत. पहिला महिना मार्च. त्यामुळे त्यांच्या वहीतला अकरावा महिना म्हणजे जानेवारी, नोव्हेंबर नव्हे. विंथ्रॉप बॉस्टनमध्ये वारला तो २६ मार्च १६४९ ला, पहिल्या महिन्याच्या सव्विसाव्या दिवशी. दोन दिवस आधी गेला असता, तर त्याच महिन्याच्या नोंदीवर साल १६४८ पडलं असतं.