रुग्णालयातील पाठ्यनिर्देशिका

रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींना व नव्याने रुजू झालेल्या अधिपरिचारिकांना वर्गात आणि प्रत्यक्ष रुग्णाच्या खाटेशी शिकवणारी, त्यांच्या हातचे काम पारखणारी अनुभवी परिचारिका. महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत ‘पाठ्यनिर्देशिका’ हे पदनाम रूढ आहे. बोलताना ‘सिस्टर ट्यूटर’ किंवा नुसते ‘ट्यूटर मॅडम’ म्हणतात. खासगी रुग्णालयांत क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि नर्स एज्युकेटर अशी पदे आढळतात. वॉर्ड हा परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्ड सिस्टरच्या ताब्यात असतो आणि साऱ्या परिचर्या विभागाची सूत्रे अधिसेविकेकडे, म्हणजे मेट्रनकडे असतात. पाठ्यनिर्देशिकेकडे यांपैकी कोणताही अधिकार नसतो, तरीही वॉर्डातले काम कोणत्या वळणाचे होईल हे पुष्कळ अंशी तिच्यावर अवलंबून असते.

या कामाचा उगम बहुधा लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झालेल्या नाइटिंगेल प्रशिक्षणशाळेत दाखवला जातो. हे विधान जपून घ्यावे लागते. जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे थिओडोर फ्लीड्नर यांनी १८३६ मध्येच धर्मभगिनींना रुग्णसेवेचे शिक्षण देण्यास सुरुवात केली होती आणि खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तेथे काही महिने राहून शिकल्या होत्या. स्वित्झर्लंडमधील लोझानची ‘ला सूर्स’ ही धर्मसंघाशी न बांधलेली शाळाही १८५९ ची, म्हणजे लंडनच्या आधीची आहे. मात्र पहिली शाळा कोणती हा एक प्रश्न झाला आणि शिक्षिकेचे स्वतंत्र पद केव्हा निर्माण झाले हा दुसरा. पाठ्यपुस्तकांत या दोहोंची गल्लत वारंवार होते.

सेंट टॉमसमध्ये आरंभी स्वतंत्र शिक्षिका नव्हतीच. मेट्रन सेरा वॉर्डरोपर उमेदवार परिचारिकांवर देखरेख ठेवीत, डॉक्टर व्याख्याने देत आणि हातचे काम शिकवण्याची जबाबदारी वॉर्ड सिस्टरांवर असे. त्याबद्दल त्यांना शाळेचा खर्च चालवणाऱ्या नाइटिंगेल निधीतून जादा मानधन मिळे. प्रत्येक उमेदवाराची नोंद ठरावीक तक्त्यात होई. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा व टापटीप यांबरोबर मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा देणे, बिछाना करणे असे रकाने असत. कागदावर ही व्यवस्था चोख दिसते. परिचर्येच्या इतिहासकार मोनिका बेली यांनी या निधीची कागदपत्रे तपासून १९८६ मध्ये मांडलेले चित्र मात्र निराळे आहे. पहिल्या दशकात वॉर्डातले शिक्षण विस्कळीत होते. उमेदवारांना शिकवण्यापेक्षा कामाला जुंपले जाण्याचा प्रकारच अधिक होता. बेली यांचे प्रतिपादन मूळ कागदपत्रांवर आधारलेले असल्याने ते अधिक ग्राह्य वाटते. ही उणीव नाइटिंगेल यांच्या लक्षात आल्यावर १८७२ च्या सुमारास ‘होम सिस्टर’ हे पद पुढे आले. वसतिगृहाची व्यवस्था पाहणे आणि व्याख्यानांची उजळणी करून घेणे हे तिचे काम होते. १८७५ पासून मेरी क्रॉसलँड यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. पाठ्यनिर्देशिकेचे पूर्वरूप याच पदात शोधणे योग्य ठरेल.

उमेदवाराला थेट वॉर्डात न पाठवता आधी काही काळ निव्वळ शिक्षण द्यावे, हा विचार रेबेका स्ट्राँग यांनी १८९३ मध्ये ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत अमलात आणला. १८९५ मध्ये लंडन हॉस्पिटलमध्ये ईव्हा ल्यूक्स यांनी पूर्वप्रशिक्षण शाळा उघडली. ‘सिस्टर ट्यूटर’ हे पदनाम साधारणपणे १९१४ च्या आसपास सेंट टॉमसमध्ये रूढ झाले असे मानतात. अमेरिकेत शिक्षिकांच्याच शिक्षणाची सोय १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात झाली. हार्टफर्ड येथील रुग्णालयात १९११ मध्ये सरावासाठी माणसाच्या उंचीची बाहुली आली. आजच्या कौशल्य प्रयोगशाळेतील मॅनिकिनची ती पूर्वज होय.

मुंबईत परिचारिकांचे पद्धतशीर प्रशिक्षण १८८६ च्या सुमारास सुरू झाले. बाई काशीबाई गणपत या १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री होत, अशी नोंद परिचर्येच्या इतिहासात केली जाते. शिक्षिका तयार करण्याची सोय मात्र फार उशिरा झाली. दिल्लीत १९४३ मध्ये परिचर्या प्रशासनाची शाळा निघाली, तर १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. देशाच्या आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या त्याच वर्षीच्या अहवालात देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नमूद आहे. ही दरी भरून काढायची तर आधी शिकवणाऱ्या हव्यात, हे उघड होते. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले.

वर्गातील तासांचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. उत्तम पाठ्यनिर्देशिकेचा कस लागतो तो वॉर्डात. श्वसन मोजण्यासारखी साधी बाब पाहावी. ‘आता तुमचा श्वास मोजते’ असे सांगितले की रुग्णाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटे मनगटावरच ठेवून, नजर छातीकडे वळवून श्वास मोजायचा असतो. पुस्तकात हे एका ओळीत येते. विद्यार्थिनी मात्र पहिल्या दिवशी नाडी सोडते, घड्याळ पाहते आणि तक्त्यात अंदाजाने २० लिहून टाकते. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी व श्वसन यांच्या तक्त्यावर, आठ खाटांपुढे ओळीने २० दिसले, की अनुभवी ट्यूटरला आणखी काही विचारावे लागत नाही. ती त्याच विद्यार्थिनीला घेऊन पहिल्या खाटेपासून पुन्हा मोजायला लावते.

याहून अवघड काम म्हणजे वॉर्डात मुरलेली सवय मोडणे. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, घालताना लांबी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत व तेथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो नळी जठरातच गेली याची खात्री कशी करायची यावर. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. नळी श्वासमार्गात असली तरी तसाच आवाज ऐकू येऊ शकतो आणि मग दिलेला आहार थेट फुप्फुसात जातो. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्ये या चाचणीवर विसंबू नये अशी सूचना काढली. नळीतून ओढून घेतलेल्या द्रवाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ५.५ किंवा त्याहून कमी असणे आणि शंका असल्यास क्ष-किरण चित्र, हे निकष आता मान्य आहेत. तरीही अनेक वॉर्डांत हवेची चाचणी चालू आहे, कारण ज्येष्ठ सिस्टर ती करतात आणि विद्यार्थिनी त्यांचे पाहूनच शिकते. अशा वेळी पाठ्यनिर्देशिकेला ज्येष्ठांचा मान राखून वॉर्डाची रीत बदलावी लागते. पीएच पट्ट्या स्टोअरमधून मिळवण्यापासून या कामाची सुरुवात होते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिच्या गुणवत्तेची याहून खरी कसोटी नाही.

चूक रुग्णापर्यंत पोहोचणार असेल तर विद्यार्थिनीचा हात तिथल्या तिथे थांबवायचा, अन्यथा रुग्णासमोर बोलायचे नाही, हा संकेत चांगल्या ट्यूटर कटाक्षाने पाळतात. खाटेजवळ ‘थांब, मी धरते’ एवढेच म्हणायचे आणि बाकीचे ड्रेसिंग रूममध्ये सांगायचे. यामुळे रुग्णाचा विश्वास टिकतो. विद्यार्थिनीही पुढच्या वेळी चूक लपवत नाही, आणि रुग्णाच्या सुरक्षेसाठी तेच अधिक मोलाचे आहे. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. त्यांना ‘ठणका’, ‘कळ’, ‘चमक’, ‘जळजळ’ यांतला फरक समजावून देणे हाही शिकवण्याचाच भाग ठरतो, कारण छातीतली कळ आणि छातीतली जळजळ यांवर पुढची धावपळ वेगळी असते.

पाठ्यनिर्देशिका वॉर्डाची की वर्गाची, याबाबत एकमत नाही. परिचर्या शाळा रुग्णालयापासून अलग झाल्या तसा शिक्षणाचा दर्जा उंचावला, असे एक मत आहे. अमेरिकेतील १९२३ च्या गोल्डमार्क अहवालानेही रुग्णालयाची कामाची निकड शिक्षणाला मारक ठरते असे दाखवले होते. उलटपक्षी, खाटेपासून दुरावलेली शिक्षिका जुन्या पद्धती शिकवत राहते, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. परिचारिकेची जाण मुख्यतः प्रत्यक्ष प्रसंगांतून घडते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो पाहता दुसऱ्या मताकडे झुकते माप द्यावे लागते. भारतीय परिचर्या परिषदेने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. मात्र एकाच ट्यूटरच्या विद्यार्थिनी तीन-चार वॉर्डांत विखुरलेल्या असतील, तर खाटेशी शिकवणे तिच्या हाती उरत नाही.

सेवांतर्गत शिक्षण पाहणारी नर्स एज्युकेटर ही अलीकडची भर आहे. मानांकन घेणाऱ्या खासगी रुग्णालयांत नव्या परिचारिकांची ओळखसत्रे, कौशल्यांची पडताळणी, हात धुण्याच्या पद्धतीचे निरीक्षण आणि हृदयक्रिया थांबल्यास करावयाच्या कृतीचा सराव तिच्याकडे असतो. शासकीय रुग्णालयांत ही कामे बहुधा परिसेविका किंवा पाठ्यनिर्देशिका आपल्या नेमून दिलेल्या कामाव्यतिरिक्त करतात.