वड्याच्या कढईतलं तेल आणि २५ टक्क्यांचा नियम

वडापावच्या गाडीवर तेल काळं दिसलं की आपण म्हणतो हे जुनं तेल आहे, पण खरं सांगू का, नुसत्या रंगावर जाऊ नका. रंग बेसनाच्या जळलेल्या चुऱ्यानेसुद्धा येतो आणि गाळून स्वच्छ दिसणारं तेलही पार खराब झालेलं असू शकतं.

होतं असं की तेल १७०-१८० डिग्रीला तापलेलं असतं, त्यात बटाट्यातलं पाणी सुटतं, वरून हवेतला ऑक्सिजन लागतो आणि तेलाचे रेणू तुटायला लागतात, काही एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणून जुनं तेल चिकट, दाट होतं आणि फेस धरतं. या सगळ्या मोडतोडीतून जे तयार होतं त्याला टोटल पोलर कंपाउंड म्हणतात. ती तेलात विरघळलेली असतात त्यामुळे गाळून जात नाहीत, आणि वरून ताजं तेल ओतलं तरी आधीची आतच राहतात!

म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून नियम लागू केला की ही कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. मोजायला हातात धरायचं मीटर मिळतं, गरम तेलात बुडवलं की तेलाचा विजेशी वागण्याचा गुण बदललाय का ते बघून लगेच आकडा दाखवतं.

पण मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. टाकायचं तेल जाणार कुठे? मोठ्या हॉटेलातलं वापरलेलं तेल स्वस्तात छोट्या गाड्यांवर जायला नको, म्हणून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि उरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यांनाच द्यायचं, त्यापासून बायोडिझेल बनतं. हे फार चांगलं आहे, नुसतं 'वापरू नका' म्हणून कोणी फुकट तेल ओतून देत नाही हो.

अडचण गाडीवाल्याची आहे. २५ टक्क्यांची मर्यादा त्यालाही आहे पण ५० लिटरच्या नोंदीत तो येत नाही आणि मीटर त्याला परवडत नाही. माझं म्हणणं एवढंच की अन्न व औषध प्रशासनाच्या माणसाने नुसता दंड करायला जाऊ नये, आठवड्यातून एकदा मीटर घेऊन गाड्यांवर फिरावं आणि आकडा गाडीवाल्यालाच दाखवावा. तोपर्यंत आपण एवढं बघायचं, वडा सोडायच्या आधीच कढईतून धूर येतोय का आणि फेस बसतोय की तसाच राहतोय.