घरी बांधलेला छोटा लेथ

घरच्या कार्यशाळेत बांधलेला छोटा लेथ म्हणजे टेबलावर मावणारे, एक-दोघांना उचलता येईल असे धातू कातण्याचे यंत्र. केंद्राची उंची (बेडपासून काम फिरते त्या अक्षापर्यंत) ५० ते ९० मिमी आणि दोन सेंटरमधले, म्हणजे कामाच्या दोन टोकांच्या आधारांमधले, अंतर २०० ते ३०० मिमी असले, की मॉडेल इंजिन, दुर्बिणीचे भाग, बुश, पिना असे बहुतेक बारीक काम त्यावर निघते. बेड (पायाची सरळ बैठक), हेडस्टॉक (फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, धरणारे डोके), टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा आधार), कॅरेज (बेडवर लांबीने सरकणारा भाग), क्रॉस स्लाइड (त्यावर आडवी सरकणारी), टूलपोस्ट (टूल धरणारा) हे मोठ्या लेथचे सगळे अवयव त्यात असतात. कातायला लागणारी अचूकताही तेवढीच असते, आणि या कामाची खरी अवघड बाजू तीच आहे. मोटर बसवून चक (काम पकडणारा जबडा) फिरवणे कोणालाही जमते. टूल सरळ रेषेत चालवणे हे लेथ बांधणे.

पुण्यात या छंदाला लागणारा माल आणि माणसे दोन्ही जवळ आहेत. बोहरी आळीत टूल बिट, टॅप, डाय, ड्रिल मिळतात. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चक, व्हाइस, जुने मायक्रोमीटर हाती लागतात. भोसरी आणि चिंचवडच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान शेडमध्ये सरफेस ग्राइंडिंगचे किंवा मिलिंगचे जॉब करून मिळतात. जुन्या बाजारातला तीन जबड्यांचा चक मात्र पारखून घ्यावा. प्रत्येक जबड्यावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात आणि ते त्याच आकड्याच्या खाचेत बसवायचे असतात. शिवाय तिन्ही जबडे मूळचे त्याच चकचे हवेत. सरळ पिन धरून उजेडाकडे पाहावे. मागे पक्की पकड आणि तोंडाशी उजेडाची फट दिसली, तर जबडे झिजलेले आहेत.

बेड पारंपरिकरीत्या बिडाचा असतो, कारण बीड कंपने शोषून घेते आणि स्क्रेपिंगला (हाताने बारीक खरवडून सपाट करण्याला) चांगले उतरते. घरी बांधणारे बहुधा दुसऱ्या वाटा शोधतात. दोन गोल ग्राउंड शाफ्ट समांतर बसवणे सर्वांत सोपे, पण ते फक्त टोकांवर टेकलेले असल्याने मधोमध लवचतात आणि कॅरेज मध्यावर आले की काम बिघडते. जाड पोलादी पट्टीवर किंवा पेटीवर लिनिअर रेल (तयार सरकपट्ट्या) बसवणे त्याहून बरे. अमेरिकेतल्या डेव्हिड जिंजरी यांनी १९८० पासून लोकप्रिय केलेल्या पद्धतीत कोळशाच्या भट्टीत भंगारातले ॲल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यात सगळे अवयव ओततात. गॅरेजमधले जुने पिस्टन या ओतकामाला चांगले, कारण त्या मिश्रधातूत सिलिकॉन असते आणि तो साच्यात नीट वाहतो. फ्लॅटमध्ये भट्टी पेटवता येत नाही; लाकडी पॅटर्न (साचा पाडायचे नमुने) घरी करून ओतीव भाग फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, आणणे शहाणपणाचे. काँक्रीटचा बेडही नवा नाही. पहिल्या महायुद्धात तोफगोळे कातण्यासाठी अमेरिकेत ल्युसियन योमन्स यांनी काँक्रीटच्या शरीराचे मोठे लेथ उभे केले होते.

काहीही वापरले, तरी संदर्भाला एक खरा सपाट पृष्ठभाग लागतो. तो यंत्राशिवायही मिळवता येतो. १८०० च्या सुमारास स्क्रू कापणारा लेथ सिद्ध करणाऱ्या हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी तीन प्लेटांची पद्धत १८४० मध्ये जाहीरपणे मांडली. एका प्लेटवर मार्किंग ब्लूचा पातळ थर देऊन तिच्यावर दुसरी हलकेच सरकवायची. जिथे निळा डाग उठेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा. दोनच प्लेटा वापरल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊनही त्या एकमेकींवर चपखल बसू शकतात. तिसरी प्लेट आणून पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली अशा जोड्या फिरवल्या, की ही पळवाट बंद होते. तिन्ही जोड्या जुळायच्या असतील, तर तिन्ही प्लेटा सपाटच व्हाव्या लागतात. दुर्बिणीचा आरसा दोन काचा एकमेकींवर घासून खोलगट करतात, तो नेमका याच्या उलट उपयोग. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे आणि आरसे घासणारे हौशी इथे आढळतात. त्यांना ही गोष्ट दोन वाक्यांत कळते.

पैसे एकाच ठिकाणी खर्च करायचे असतील, तर ते बेडवर करावेत. बेडचे वरचे पृष्ठभाग बाहेरून ग्राइंड करून आणले, की पुढच्या कितीतरी चुका जन्मच घेत नाहीत. उरलेले घरी, कानस आणि स्क्रेपरने होते.

हेडस्टॉकमध्ये समोरासमोर बसवलेल्या दोन टेपर रोलर बेअरिंगची जोडी चांगली चालते. ३०२०५ हे बेअरिंग २५ मिमी शाफ्टसाठी असते, त्यामुळे स्पिंडलमधून आरपार भोकही ठेवता येते. मागच्या नटाने बेअरिंगवर थोडा दाब द्यावा, म्हणजे स्पिंडल पुढेमागे हलत नाही. अर्धा तास चालवल्यावर बेअरिंगचे घर कोमट लागावे. हात ठेववत नसेल, तर नट जास्त आवळला गेला आहे.

घरगुती जोडणी २३० व्होल्ट सिंगल फेजची असते. पाव हॉर्सपॉवरची, मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्यांची मोटर पुरते. शिलाई मशिनची मोटर वेग देते, पण कमी फेऱ्यांवर जोर देत नाही. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील मिनिटाला ३० मीटरच्या आसपास कातावे. २० मिमी व्यासाच्या गजाला त्यासाठी सुमारे ४८० फेऱ्या लागतात, म्हणजे पुलीचे गुणोत्तर तीनास एक. ॲल्युमिनियमला वेग दुप्पट चालतो. मोटरला अर्थिंग हवेच. चकची चावी चकमध्ये विसरून स्विच दाबणे हा लेथवरचा सर्वांत धोकादायक प्रमाद. चावी चकमधून काढल्याशिवाय हातातून सोडू नये. हातमोजे आणि लांब बाह्या चालत नाहीत, आणि किस (कातताना निघणारे धातूचे कपचे) हुकाने काढावा, बोटांनी नाही.

क्रॉस स्लाइडला बाजारातला एम-८ चा आटेदार रॉड लावला, तर त्याची पिच (एका फेरीत सरकणारे अंतर) १.२५ मिमी असते. डायलवर ५० भाग पाडले, की एक भाग ०.०२५ मिमी, व्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.०५ मिमीने कमी होतो. पण हे आटे उजवे असतात. स्क्रू जागेवर फिरत असेल आणि नट स्लाइडला जोडलेला असेल, तर हँडल उजवीकडे फिरवल्यावर टूल आपल्याकडे येते. कारखान्यातल्या लेथवर ते आत जाते, कारण तिथला स्क्रू डावा असतो. ज्याने आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केला आहे, त्याचा हात या उलट्या हँडलवर चुकतो, आणि मागे घ्यायचे टूल कामात घुसते. म्हणून डाव्या आट्याचा स्क्रू आणि पितळी नट करून घेणे चांगले. आटे कापण्याची सोय हवी असेल, तर चेंज गिअर (बदलता येणारे दातेरी चाक) लागतात: लीड स्क्रू (कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) १.५ मिमी पिचचा आणि कापायचे आटे १ मिमीचे, तर स्पिंडलवर ४० आणि लीड स्क्रूवर ६० दातांचा गिअर.

अर्धवट तयार लेथच स्वतःचे उरलेले भाग पूर्ण करतो. चकची बॅकप्लेट (चक ज्यावर बसतो ती चकती) त्याच स्पिंडलवर चढवून तिथेच कातली, तर ती त्या स्पिंडलशी खरी उतरते. टेलस्टॉकचे भोक बेडवर जागच्या जागी, हेडस्टॉकमध्ये धरलेल्या बोअरिंग टूलने पाडले, तर दोन्हींची उंची आपोआप जुळते. मग चाचणी: चकमधून १०० मिमी बाहेर आलेल्या जाड गजावर दोन टोकांना दोन कॉलर (किंचित उंच पट्टे) ठेवायचे आणि टूलची खोली न बदलता दोन्हींवरून हलकी फेरी घ्यायची. मायक्रोमीटरवर फरक दिसला, तर आधी बेडला पीळ बसला आहे का ते पाहून पायांखाली शिम (पातळ पत्रा) द्यावी, मगच हेडस्टॉक वळवावा. गज बारीक नको, कारण बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की लवचणे आठपट होते आणि चाचणी खोटी बोलते.

पावसाळ्यात पुण्याच्या हवेत उघडा बेड लवकर गंजतो. काम संपल्यावर किस झाडून तेलाचा हात फिरवावा.

अशा लेथची मर्यादा पार्टिंगला, म्हणजे गज आडवा कापून वेगळा करताना, कळते. रुंद टूल, कमी दृढता, त्यामुळे टूल कचकचत अडकते आणि तुटते. टूलपोस्ट क्रॉस स्लाइडच्या मागच्या बाजूला नेऊन टूल उलटे बसवले, तर ते अडकले तरी कामापासून दूर ढकलले जाते, आणि १५-२० मिमीचा गजही शांतपणे कापला जातो.